सापडते तेवढेच असते?

साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी अलीकडे एक वाक्य वारंवार येते : ‘या विषयावर काहीच लिहिलेले नाही.’ थोडे खोदून विचारले म्हणजे कळते, की शोधयंत्राच्या पहिल्या दोन-तीन पानांवर काही आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘सापडले नाही’ आणि ‘लिहिले गेलेच नाही’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे. ते अंतर राखणे हे ग्रंथपालाचे, सूचिकाराचे आणि संशोधन-मार्गदर्शकाचे काम होते. आज ते झपाट्याने बुजत चालले आहे, आणि त्यात सर्वाधिक नुकसान मराठवाड्यासारख्या प्रदेशाच्या वाङ्मयाचे होणार आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभीच हे मान्य केले पाहिजे, की आंतरजालाने जे दिले ते थोडे नाही. भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे, तेलंगणाच्या सीमेजवळचे. मुंबई-पुण्याची जुनी ग्रंथसंग्रहालये येथून एका रात्रीच्या प्रवासापलीकडे आहेत. अशा गावी बसून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दाशब्दाने पाहता येतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदी उघडता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. एका पिढीपूर्वी या गोष्टींसाठी रजा, प्रवासखर्च आणि कोणा ओळखीच्या माणसाची चिठ्ठी लागत असे. ज्यांना हे सारे घरबसल्या मिळत होते, त्यांनीच आंतरजालाच्या नावाने नाक मुरडावे. भोकरच्या विद्यार्थ्याला ते परवडणारे नाही. तेव्हा आमचा आक्षेप संगणकावर नाही. संगणकाने एक काम केले, म्हणून दुसरेही त्यानेच केले असे आपण धरून चाललो आहोत, त्यावर आहे.

हे दुसरे काम कोणते ते नीट पाहू. पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र घेणे ही एक क्रिया आणि त्या पानावरची अक्षरे संगणकाला अक्षरे म्हणून कळणे ही दुसरी. पहिलीने पुस्तक टिकते, दुसरीने ते शोधता येते. मराठी पुस्तकांचे जे ‘डिजिटायझेशन’ झाले, त्याचा मोठा भाग पहिल्या प्रकारचा आहे. तीनशे पानांचे पुस्तक म्हणजे तीनशे चित्रे. त्यातला एखादा शब्द शोधू म्हटले तर शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान कोरेच. देवनागरीची शिरोरेषा, जोडाक्षरे, खिळ्यांच्या छपाईतली तुटकी मात्रा आणि फुटका रफार, यांमुळे यंत्राकडून अक्षरे ओळखून घेणे रोमन लिपीपेक्षा अवघड होते. अलीकडे त्यात पुष्कळ सुधारणा झाली आहे. पण ती यंत्रे जुन्या संग्रहांवर कोणीतरी बसून चालवावी लागतात, आणि निघालेला मजकूर कोणीतरी वाचून दुरुस्त करावा लागतो.

गंमत अशी, की संगणकावरच जुळवलेली पुस्तकेही या दृष्टीने आंधळीच आहेत. नव्वदीच्या दशकापासून पुढे पंधरा-वीस वर्षे मराठी पुस्तके श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा टंकांत अक्षरजुळणी होऊन निघाली. या टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेला असतो भलताच रोमन संकेत. त्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित केल्या नाहीत, तर त्यांतले एकही वाक्य शोधात येत नाही. म्हणजे खिळे जुळवून छापलेले पुस्तक चित्ररूपात का होईना कोणी महाजालावर चढवले असेल. पण १९९८ साली संगणकावर जुळवलेले पुस्तक प्रकाशकाच्या जुन्या चकतीवर पडून असेल, आणि ती चकती वाचणारे यंत्र आता दुकानात मिळत नाही.

त्यातून मजकूर अक्षररूपात आलाच, तरी लेखनाचा प्रश्न उरतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे पुस्तक ‘नांव’, ‘गांव’, ‘तें’, ‘कांहीं’ असे लिहिते. आजचा विद्यार्थी ‘नाव’ आणि ‘काही’ टाकून शोधतो. ‘कुरुंदकर’ आणि ‘कुरूंदकर’ हे माणसाला एकच नाव; यंत्राला ते एकच आहे हे शिकवावे लागते. ग्रंथालयातल्या जुन्या तालिकापत्रांवर ‘पाहा’ अशी एक नोंद असे : या नावासाठी त्या नावाखाली पाहा. ती बारीकशी नोंद ज्याने केली, त्याने नकळत पुढच्या पन्नास वर्षांच्या वाचकांची सोय केली. शोधपेटीत ही ‘पाहा’ कोण लिहिणार?

ते लिहिणारे कोणी नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी यांच्या कल्पनेतून आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने या शतकाच्या आरंभी उभा राहिला. देशभरातल्या ग्रंथालयांतील काही लाख पुस्तकांची पाने त्यात टिपली गेली; मराठी पुस्तकेही पुष्कळ. काम अवाढव्य होते आणि त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण पुस्तकांची नावे ज्याला जशी सुचली तशी रोमन लिपीत घातलेली. कित्येक ठिकाणी लेखकाच्या जागी ‘उपलब्ध नाही’ एवढेच. पुस्तक तेथे असते, आणि ज्याला ते हवे त्याला सापडत नाही. पुढे ते मूळ संकेतस्थळच बंद पडले. त्या प्रती आज बहुतांशी पाहायला मिळतात, त्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या अमेरिकी संस्थेने त्या आपल्याकडे घेऊन ठेवल्या म्हणून. म्हणजे डिजिटल ग्रंथालयालाही वाळवी लागते. आणि ती लागते तेव्हा एका रात्रीत सारे कपाटच जाते.

याच्या शेजारी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ठेवून पाहावी. १८०० पासून १९५० पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची ही दोन भागांतली सूची दात्यांनी ग्रंथालये पालथी घालून, पुस्तके हाताळून, वर्गवारी लावून तयार केली. तिच्यात एकही पुस्तक ‘उघडत’ नाही. फक्त ते होते, कोणी लिहिले, कोठे व केव्हा छापले, एवढे कळते. पण हे एवढे कळणे हाच सगळ्या शोधाचा पाया आहे. लाखो पाने टिपणाऱ्या प्रकल्पाला जे साधले नाही, ते एका माणसाच्या चिकाटीला साधले. आपण यंत्राच्या प्रेमात पडून पाने टिपण्याला पैसा दिला आणि सूची करणाऱ्याची जागा रिकामी ठेवली.

आता मराठवाड्याकडे येऊ. इतर महाराष्ट्राच्या तुलनेत येथली अडचण दुप्पट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. राजभाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. त्याआधीचे पुष्कळ मराठी दप्तर मोडीत. म्हणजे येथल्या समाजाचा व वाङ्मयाचा मागोवा देवनागरीत शब्द टाकून लागणारच नाही, असा मोठा भाग आहे. जे देवनागरीत होते, तेही सरळ मार्गाने चालले नाही. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजाम सरकारची बंदी आली, की ते नाव बदलून निघे. ज्या नियतकालिकाला जगण्यासाठीच नाव बदलावे लागले, ते एका नावाने शोधणाऱ्याच्या हाती कसे लागावे? हा सारा इतिहास एकाच पत्राचा आहे, हे जाणत्या माणसानेच सूचीत नोंदवायला हवे.

भोकरचेच उदाहरण घ्या. येथल्या महाविद्यालयाला दिगंबरराव बिंदू यांचे नाव आहे. ते हैदराबाद मुक्तिसंग्रामातले एक नेते. १९५२ नंतर बी. रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात हैदराबाद राज्याचे गृहमंत्री. त्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला वाटले, की हे बिंदू कोण ते पाहावे, तर तिच्यापुढे तीन लिप्या येतील. मराठीत ते ‘दिगंबरराव बिंदू’, इंग्रजी कागदांत ‘डी. जी. बिंदू’, आणि उर्दू वृत्तपत्रांत व सरकारी कागदांत आणखी वेगळ्या लिपीत. एक देवनागरी नाव टाकून तिला महाविद्यालयाचा पत्ता आणि प्रवेशाची माहिती मिळेल. माणूस मिळायला हैदराबाद विधानसभेची कार्यवृत्ते, मुक्तिसंग्रामाच्या आठवणींची पुस्तके आणि हैदराबादचे दप्तरखाने यांच्यापर्यंत जावे लागेल. हे मार्ग आहेत, हे तिला सांगणारे कोणी असेल तरच ती जाईल.

वाङ्मयातही तेच. नरहर कुरुंदकर नांदेडचे. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांच्या पुस्तकांची नावे कोठेही मिळतील. पण कुरुंदकरांचे पुष्कळ विचारधन इतरांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावनांत विखुरलेले आहे. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना सर्वांना ठाऊक, कारण कादंबरी सर्वांना ठाऊक. बाकीच्या प्रस्तावना ज्या पुस्तकांत आहेत, ती पुस्तके नोंदली जातात मूळ लेखकाच्या नावाने. लेखकाच्या नावाने शोध घेणाऱ्याला त्या दिसणार नाहीत. हीच गत मराठवाड्यातून निघालेल्या नियतकालिकांतील लेखांची. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’, गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ संपादिलेले ‘अस्मितादर्श’, भालचंद्र नेमाडे यांनी संपादिलेले ‘वाचा’ : साठोत्तरी आणि दलित साहित्याची चर्चा पुस्तकांत येण्याआधी अशा अंकांत घडली. ज्या अंकाची सूची नाही, त्यातला लेख, ज्याने तो अंक हाती धरला होता त्याच्यापुरताच उरतो. तो माणूस गेला की लेखही गेला.

आणखी एक विपर्यास पाहा. १९६२ पासून अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ योजनेखाली भारतीय भाषांतील पुस्तके तेथल्या विद्यापीठांना जाऊ लागली, मराठीही गेली. २००४ च्या अखेरीस गूगलने मिशिगनसारख्या विद्यापीठांची ग्रंथालये टिपायला घेतली, तेव्हा ही पुस्तकेही त्या झोतात आली. परिणाम असा, की नांदेडच्या बाजारात न मिळणाऱ्या मराठी पुस्तकाची नोंद अमेरिकेच्या सूचीत चोख सापडते; मात्र रोमन लिपीत, खुणांच्या चिन्हांसह, आणि पान उघडत नाही. आमचे पुस्तक आमच्यापासून दोन कुलपांआड गेले आहे : एक लिपीचे, दुसरे हक्कांचे.

हक्कांच्या कुलपाविषयी प्रकाशकांशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. त्यांची भीती खोटी नाही. नव्या मराठी पुस्तकाची पीडीएफ प्रत चार दिवसांत भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरते, आणि पाचशे-हजारांची आवृत्ती पडून राहते. पण पुस्तक शोधता येणे आणि पुस्तक फुकट वाचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत लेखकांच्या संघटनेने २००५ साली गूगलवर दावा लावला. २०१५ साली तेथल्या अपील न्यायालयाने गूगलच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. शब्द कोठे आहे ते सांगणे व दोन-चार ओळी दाखवणे म्हणजे पुस्तकाची जागा घेणे नव्हे, असा त्याचा आशय. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण त्यातला विवेक घेण्यासारखा आहे. प्रकाशकाने आपल्या पुस्तकांची अनुक्रमणिका आणि नामसूची युनिकोडमध्ये खुली केली, तर त्यात विक्री घटण्याचे कारण नाही, वाढण्याचे आहे. आणि दुर्मिळ झालेले पुस्तक मागणीनुसार वीस-पंचवीस प्रती छापून देणे आता शक्य असताना, ‘आवृत्ती संपली’ हे उत्तर वर्षानुवर्षे देत राहणे प्रकाशकाला शोभत नाही.

कायदाही आपण समजतो तितका आडमुठा नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले; त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले सारे लेखन १ जानेवारी २०१४ पासून मुक्त आहे. ते अक्षररूपात आणायला कोणाची परवानगी लागत नाही. कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांच्या लेखनाला १ जानेवारी २०४३ पर्यंत थांबावे लागेल. पण तोवर हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती आपल्या उपयोगासाठी करून घ्यायला विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर, स्वतःजवळ छापील प्रत असलेले पुस्तक जतनासाठी संगणकीय रूपात साठवण्याचीही मुभा आहे. तालुक्याच्या किती ग्रंथालयांनी हे कलम वाचले आहे?

ग्रंथालयांची स्थिती आम्ही जाणतो. मराठवाड्याला ग्रंथालय कायदा नवा नाही. हैदराबाद राज्याने १९५५ सालीच तो केला होता. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने अ, ब, क, ड अशा वर्गांत ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, आणि गावोगाव वाचनालये उभी राहिली. अनुदान अपुरे आणि उशिरा. सेवकांचे मानधन सांगायला लाज वाटावी असे. वाचनकक्षात आता मुख्यतः स्पर्धा परीक्षांची मुले बसतात, आणि त्यांना बसायला जागा हवी, हेही खरेच आहे. धोका आहे तो यापुढचा. जागा करायची म्हणून जुने बांधीव अंक आणि जीर्ण पुस्तके बाद करायची वेळ येते, तेव्हा एक वाक्य फार सोयीचे पडते : ‘आता सगळे नेटवर आहे.’ ते नेटवर आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. रद्दी उचलली जाते. असे गेलेले पुस्तक कदाचित जगातली शेवटची प्रत असेल, आणि तसे कळण्याचाही मार्ग उरणार नाही.

विद्यापीठांनी या आजारात भरच घातली आहे. ‘शोधगंगा’वर प्रबंध खुले झाले, हे उत्तमच झाले. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेतून वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली विद्यापीठांना मिळाली, हेही योग्यच. पण ही प्रणाली तुलना करते ती तिच्याजवळ असलेल्या मजकुराशी. १९७० सालच्या छापील मराठी पुस्तकातली सबंध प्रकरणे उतरवून काढली, तरी ते पुस्तक अक्षररूपात कोठेच नसेल, तर प्रबंध ‘शुद्ध’ ठरतो. उलट प्रामाणिकपणे, उद्धृत करून लिहिणाऱ्याची टक्केवारी वाढते. आता तर शोधयंत्राच्याही पुढे जाऊन यंत्र उत्तरच रचून देऊ लागले आहे. ते उत्तर सफाईदार असते आणि कोठून आले ते बहुधा दाखवत नाही. त्या यंत्राने जे वाचले नाही, ते त्याच्या लेखी नाही. आणि जे त्याच्या लेखी नाही, ते उद्याच्या विद्यार्थ्याच्याही लेखी नसेल. वाङ्मयेतिहासात मराठवाड्याला जागा मिळावी म्हणून एका पिढीने वाद घातले. पुढच्या पिढीला वाद घालायला प्रतिपक्षही मिळणार नाही. शोधपेटीपुढे फिर्याद चालत नाही.

मग करावे काय? आमच्या अपेक्षा लहान आहेत. महागडी यंत्रे आणण्याआधी याद्या कराव्यात. प्रत्येक तालुका ग्रंथालयाने आपल्याकडची १९७० पूर्वीची पुस्तके आणि नियतकालिकांचे अंक यांची साधी यादी युनिकोड देवनागरीत करावी. मूळ लेखन, आजचे लेखन आणि रोमन रूप अशा तिन्ही प्रकारे नाव द्यावे. यादी झाल्याशिवाय एकही जुना अंक बाद करू नये. जागा नसेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे तो द्यावा, आणि विद्यापीठाने तो नाकारू नये. नव्या अभ्यासक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधन-प्रकल्पाचे श्रेयांक आहेत. चार पुस्तकांतून पाचवे करण्यापेक्षा एका विद्यार्थ्याने एका नियतकालिकाच्या पाच वर्षांच्या अंकांची लेखसूची करावी. दहा विभागांनी दहा वर्षे हे केले, तर मराठवाड्याच्या नियतकालिकांचे निम्मे तरी ओझे उतरेल. या कामात प्रतिभा लागत नाही असे कोणी म्हणेल. ज्याने एकदा सूची केली आहे, तो म्हणणार नाही.

ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रांत एक असे आहे, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाला पुस्तक मिळवून देण्याचे काम शोधयंत्र बऱ्यापैकी करते. पुस्तकाच्या बाजूने वाचक शोधायला निघण्याचे काम मात्र त्याला कोणी सांगितलेले नाही. ते काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे ग्रंथपाल म्हणतात, आणि राज्यातल्या कित्येक ग्रंथालयांत त्याला महिनाअखेर हाती पडणारी रक्कम रोजंदारीपेक्षाही कमी असते. मराठी साहित्याच्या भवितव्यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एकदा त्या आकड्यावरही परिसंवाद भरवावा.